कार्बोरेटरवर सहा तोट्या, हातात पाच नळ्या: कुठली कुठे?

अर्धवट_मेकॅनिक

मंडळी, मदत हवी आहे. जुनी गाडी, चार सिलिंडर, दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा) डाउनड्राफ्ट कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. कार्बोरेटर साफ करायला एका वर्कशॉपमध्ये दिला होता. परत आला तो नव्यासारखा चकचकीत, पण व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या एका पिशवीत घालून! "कुठली कुठे होती?" विचारलं तर "जी जिथे बसेल तिथे लावा" असं उत्तर. बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्यांच्या नकाशाचं स्टिकर असतं म्हणे, पण आधीच्या मालकाने बॉनेट रंगवताना त्यावरूनच रंग मारलाय.

पेट्रोलची आत येणारी आणि टाकीकडे परत जाणारी लाइन लागलेली आहे, त्यात शंका नाही. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप थेट मॅनिफोल्डवर (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळावर) आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. उरलेल्या तोट्यांना मीच नावं दिलीत:

क: तळाशी, मागच्या बाजूला. सगळ्यात जाड, करंगळीएवढी.
ख: तळाशी, पुढे. बारीक.
ग: डाव्या अंगाला, तळापासून जरा वर. बारीक.
घ: ग च्या शेजारीच, पण त्याहून दोन-तीन मिलिमीटर वर.
च: फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याच्या) झाकणाजवळ. मध्यम जाडीची.
छ: उजव्या अंगाला, साधारण मध्यावर. बारीक.

सध्याची जोडणी: क ला ऑइलच्या वाफेची (व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी) जाड नळी, कारण ती दुसरीकडे बसतच नाही. ख वर डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा). ग वर चोकच्या डबीची नळी. घ वर ईजीआरकडे (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात घेणाऱ्या व्हॉल्व्हकडे) जाणारी. च ला वर्कशॉपने रबराची टोपी घालून दिली होती, ती तशीच आहे. छ उघडी होती, मी तिला टेप गुंडाळला. कोळशाच्या डब्याकडून (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या) येणारी पाचवी नळी लोंबकळतेय.

लक्षणं: आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता) ११०० आरपीएमच्या आसपास आणि डुगडुगतं. सकाळी थंड गाडी पटकन सुरू होते, काळा धूर काढते आणि गुदमरून बंद पडते. गरम गाडी दहा मिनिटं थांबवली की लवकर सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. काय करू?

---

बिनधास्त_चालक

सोपं आहे. जाड नळी आणि डिस्ट्रिब्युटर सोडून सगळ्याला टोप्या घाला. माझी गाडी कित्येक वर्षं अशीच चालतेय. ह्या नळ्या प्रदूषणवाल्यांच्या नादाने घातलेल्या, गाडीला त्यांची गरज नसते.

---

ग्रीसचे_डाग

बिनधास्तराव, "चालतेय" आणि "नीट चालतेय" यात फरक आहे. चोकची डबी प्रदूषणवाल्यांनी घातलेली नाही. ती बंद केली की काय होतं ते वर लिहिलंय की: काळा धूर आणि गुदमरणं.

अर्धवटराव, नावं छान दिलीत, पण तोटी जाड की बारीक, पुढे की मागे यावरून ओळखायला जाऊ नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जागा बदलतात. तोटी ओळखायची तिच्या वागण्यावरून. एकच प्रश्न विचारायचा: या तोटीचं आतलं भोक बटरफ्लायच्या वर उघडतं, खाली उघडतं, की अगदी काठावर?

बटरफ्लाय म्हणजे थ्रॉटलची ती गोल पत्री. आयडलिंगला ती जवळजवळ बंद असते. पिस्टन खाली जाताना हवा मागतात, वरून पत्री अडवते, म्हणून पत्रीच्या खाली जोरदार ओढ तयार होते. आता तीन जाती बघा.

पत्रीच्या खाली उघडणारी तोटी: मॅनिफोल्ड व्हॅक्यूम. आयडलिंगला पूर्ण ओढ, अचानक ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कोसळते.

पत्रीच्या काठाच्या किंचित वर उघडणारी: पोर्टेड व्हॅक्यूम. पत्री बंद असताना हे भोक वरच्या मोकळ्या हवेच्या बाजूला असतं, म्हणून आयडलिंगला शून्य. ॲक्सिलरेटर जरा दाबला की पत्रीचा काठ भोकावरून सरकतो, भोक खालच्या बाजूला येतं आणि ओढ सुरू. पुढे साध्या चालीत ही आणि मॅनिफोल्डची ओढ साधारण सारखीच.

व्हेंच्युरीत, म्हणजे मधल्या अरुंद गळ्यात उघडणारी: ओढ फार कमी, आणि ती इंजिनातून जाणाऱ्या हवेच्या वेगाबरोबर वाढते. ही सगळ्या गाड्यांत नसते.

आणि चौथी जात व्हॅक्यूमचीच नव्हे: फ्लोट चेंबरचा श्वास. तिला ओढ नसते आणि द्यायचीही नसते. माझा अंदाज, तुमची च तीच आहे. तिला टोपी घालणं चूक. आतून दुसरा व्हेंट असतो म्हणून गाडी चालते, पण गरम इंजिन बंद केल्यावर चेंबरमधल्या पेट्रोलची वाफ होते, ती कोळशाच्या डब्यात जायची सोडून एअर फिल्टरमध्ये आणि बॅरलमध्ये साचते. वास आणि गरम असताना सुरू न होणं, दोन्ही तिथूनच असावं.

---

सुईवर_नजर

दादांना +१. अंदाजावर थांबू नका, व्हॅक्यूम गेज लावा. डायल आणि एक रबरी नळी, एवढंच ते यंत्र. इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडलाय ना बघा. एका वेळी एकच तोटी मोकळी करून गेज लावा, बाकीच्या जिथे आहेत तिथेच राहू द्या. तीन आकडे लिहा: आयडलिंगला, २००० आरपीएमला स्थिर धरून, आणि ॲक्सिलरेटर झटक्यात दाबल्याच्या क्षणी.

समुद्रसपाटीजवळ धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं, मिलिमीटरमध्ये ४३० ते ५३०. उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा. इंजिन काही शोषून घेत नसतं. बाहेरची हवा सुमारे ३० इंच पाऱ्याएवढ्या दाबाने आत घुसू बघते, गेज फक्त आतबाहेरचा फरक दाखवतं. त्यामुळे बाहेरचा दाबच कमी असेल तर आकडाही कमीच येणार, त्यात इंजिनाचा दोष नाही.

बंद गॅरेजमध्ये हे करू नका, धुराने जीव जातो. आणि नळी, ओढणी, बाही पंख्यापासून लांब.

---

शंकेखोर

गेज नसेल तर बोट लावून चालेल का?

---

ग्रीसचे_डाग

चालेल. बोटाला ओढ आहे-नाही एवढं कळतं, किती ते कळत नाही. बारीक तोटीवर बोटापेक्षा पातळ कागदाचा कपटा बरा. चिकटून राहिला तर ओढ आहे. मात्र ज्या तोटीला पेट्रोलचा वास येतो तिथे बोट, तोंड काही लावायचं नाही.

---

जुना_खटारा

वासावरून आठवलं. माझ्या गाडीत आधीच्या कुणीतरी फ्लोट चेंबरच्या व्हेंटची नळी टी-जोड घालून मॅनिफोल्डच्या लाइनला जोडली होती. दिसायला इतकं नीटनेटकं काम, की मला दोन महिने शंका आली नाही. गाडी ढेकूळ खाल्ल्यासारखी चालायची, प्लग काढले की काजळीने काळे. जेट बदलले, फ्लोट बदलला, नीडल व्हॉल्व्ह बदलला. एके दिवशी ती नळी सहज दाबली तर आत पाणी खुळखुळल्यासारखं झालं. व्हॅक्यूमच्या नळीत द्रव कसा? उपसून बघितलं तर पेट्रोल! इंजिन स्ट्रॉ लावून चेंबरमधून पीत होतं.

तेव्हापासून माझा नियम: नळी काढली की आधी हुंगायची, मग आतून बघायची. कोरडी आणि मातकट असेल तर व्हॅक्यूम. तेलकट असेल तर क्रँककेसची (ऑइलची) वाफ. पेट्रोलचा वास असेल तर व्हेंट किंवा कोळशाचा डबा.

---

नळीपुराण

ह्यात भर घालतो. जुनं रबर स्वतःची जागा विसरत नाही. वर्षानुवर्षं गरम होऊन नळी ज्या वळणात बसली ते वळण धरून ठेवते. पिशवीतल्या नळ्या टेबलावर मोकळ्या सोडा आणि नुसतं बघा. सरळ पडलेली, काटकोनात वळलेली, शेवटी पीळ घेतलेली, प्रत्येकीचा वेगळा थाट असतो. मग प्रत्येकीचं इंजिनाकडचं टोक (डिस्ट्रिब्युटर, चोकची डबी वगैरे) लावून दुसरं टोक सैल सोडा. ताण न देता ते ज्या तोटीसमोर येऊन थांबतं, तीच बहुतेक तिची.

टोकाच्या आतही बघा. तोटीच्या उंचवट्याने एक कडं उमटलेलं असतं. जाड तोटीवरची नळी बारीक तोटीवर लावली तर ती बसते, पण घट्ट नाही, आणि तिथूनच हवा खाते.

---

अर्धवट_मेकॅनिक

नळीपुराण, तुम्ही तर जादूगार! डिस्ट्रिब्युटरची नळी मी ओढून ताणून ख पर्यंत नेली होती. सैल सोडली तर आपोआप ग समोर येऊन थांबली. आणि चोकच्या डबीची नळी ख समोर. म्हणजे मी दोन्ही उलट्या लावल्यात?

गेज आणलं. ताई, हे आकडे, इंचांत. पहिला आयडलिंगचा, दुसरा २००० चा, तिसरा झटक्याचा:

क: १५, सुई थोडी हलते / १७ / जवळजवळ ०
ख: १५ / १७ / जवळजवळ ०
ग: ७ / १६ / जवळजवळ ०
घ: ० / ९ / ०
च: ० / ० / ०
छ: ० / ० / ०

ग चा मेळ बसत नाही. पोर्टेड असेल तर आयडलिंगला शून्य हवं, मॅनिफोल्ड असेल तर १५. सात म्हणजे अर्धनारीनटेश्वर?

---

सुईवर_नजर

ह्या सातमध्येच तुमचा आजार आहे. ग पोर्टेडच आहे, पण तुमची बटरफ्लाय आयडलिंगला जितकी बंद असायला हवी तितकी नाही. काठ भोकावर अर्धा सरकलाय. कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू आत फिरवून पत्री उघडून ठेवलीय.

आता विचार करा, कुणी असं का करेल? गाडी आयडलिंगला धरत नसेल म्हणून. आणि ती का धरत नसेल? क आणि ख दोन्हीवर १५, म्हणजे निरोगी आकड्याहून तीन-चार इंच कमी. कमी आणि बऱ्यापैकी स्थिर सुई याची नेहमीची कारणं दोन: टायमिंग मागे आहे (ठिणगी उशिरा पडतेय), नाहीतर कुठूनतरी हवा आत शिरतेय. हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन डुगडुगतं, बंद पडू बघतं. वर्कशॉपमधल्या माणसाने स्क्रू फिरवला, पत्री उघडली, काठाजवळची प्रोग्रेशनची (पत्री उघडू लागली की पेट्रोल सोडणारी) भोकं उघडी पडली, त्यातून जास्तीचं पेट्रोल आलं, गाडी ११०० ला कशीबशी उभी राहिली. रोग तसाच, ताप तेवढा उतरवला.

हवा कुठून शिरतेय ते शोधा. सुई क ला हलते म्हणालात, तिथूनच सुरुवात करा.

---

शंकेखोर

त्यासाठी कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात ना? जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलेल तिथे गळती.

---

ग्रीसचे_डाग

मारतात, आणि गरम एक्झॉस्टवर तोच स्प्रे पेटतोही. मी पाहिलंय. नशिबाने भुवयांवरच निभावलं.

माझी पद्धत: हातभर लांबीची एक नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं टोक प्रत्येक जोडाजवळून, कार्बोरेटरखालच्या पॅकिंगच्या कडेने, मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवा. डॉक्टरांसारखं. जिथे हवा शिरते तिथे "स्स्स" ऐकू येतं. ऐकूनही कळत नसेल तर पाण्याचा बारीक फवारा. पाणी भेगेत गेलं की क्षणभर गळती बुजते आणि आवाज बदलतो. फक्त डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडवू नका, नाहीतर भलताच आवाज बदलेल.

क ची नळी वाकते तिथे खालच्या बाजूने चाचपा. ऑइलच्या वाफेने रबर मऊ पडतं, आणि फाटतं ते नेहमी न दिसणाऱ्या बाजूला.

---

अर्धवट_मेकॅनिक

सापडलं!!! क च्या नळीला तोटीच्या जवळ जे कोपर आहे, त्याच्या पोटाला नखाएवढी लांब चीर. वरून नळी ठणठणीत. बोटाने चिमटीत धरून चीर मिटवली तर इंजिन एकदम सरसावलं, १४०० च्या पुढे गेलं. सोडली की परत डुगडुग. चार-पाच वेळा केलं, गंमत म्हणून.

पण गळती बंद केल्यावर आरपीएम वाढला कसा? हवा कमी झाली तर कमी व्हायला हवा ना?

---

सुईवर_नजर

मिश्रण इतकं पातळ होतं की बरेचसे ठोके वायाच जात होते. चीर मिटली, मिश्रण जळण्याजोगं झालं, आणि पत्री तर स्क्रूने उघडीच आहे, मग इंजिन धावणारच. आता नवी नळी घाला (ऑइलची वाफ सोसणारी घ्या, साधी सिलिकॉनची नळी दिसायला छान, पण तेल-पेट्रोलला टिकत नाही) आणि आयडलिंगचा स्क्रू हळूहळू मागे घ्या. गेज ग वर ठेवून बघत राहा. सुई शून्यावर येऊन बसेल तो क्षण सोडू नका.

---

बिनधास्त_चालक

मग आता डिस्ट्रिब्युटर ख वरच ठेवा. मॅनिफोल्डची पूर्ण ओढ मिळाली की आयडलिंगला इंजिन थंड राहतं, मऊ चालतं. जाणकार तेच करतात.

---

ग्रीसचे_डाग

हा वाद माझ्या डोक्यावरच्या केसांपेक्षा जुना आहे, आणि केस आता उरलेले नाहीत.

आधी व्हॅक्यूम ॲडव्हान्स कशाला असतो ते बघू. हलक्या चालीत, पत्री थोडीशीच उघडी असताना, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं. विरळ मिश्रण सावकाश जळतं. म्हणून ठिणगी जरा आधी पडायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या डबीतला डायफ्राम (लवचीक पडदा) ओढला जातो, आतली प्लेट फिरते, ठिणगी आधी पडते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर गच्च भरतो, ओढ जाते, ॲडव्हान्स मागे येतो, नॉकिंग (इंजिनातली ठकठक) टळतं. वजनांचा सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स वेगळा. तो फक्त वेग बघतो, हा भार बघतो.

प्रश्न फक्त आयडलिंगचा आहे. चालताना दोन्ही तोट्या जवळपास सारख्याच. मॅनिफोल्डवर लावलं तर आयडलिंगलाही ॲडव्हान्स मिळतो, इंजिन थंड आणि मऊ चालतं, बिनधास्तरावांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरंच आहे. काही गाड्या कारखान्यातूनच तशा आल्या. पण ज्या गाडीचं मूळ टायमिंग, डबीतली स्प्रिंग आणि आयडलिंगचं जेट पोर्टेड धरून ठरवलंय, तिला मॅनिफोल्डवर टाकलं की आयडलिंग चढतं, मग स्क्रूने उतरवावं लागतं, मग मिश्रण बिघडतं. एक दुरुस्त करता करता दुसरं.

माझं मत: कारखान्याने जिथे लावलं तिथे लावा. अर्धवटरावांच्या नळीचं वळणच सांगतंय की ती ग वर होती. यापलीकडे मला पुरावा नको.

एक अपवाद लक्षात ठेवा. डबीला दोन तोट्या असतील तर प्रकरण वेगळं. अशा काही डब्यांत एक बाजू ॲडव्हान्स करते आणि दुसरी, मॅनिफोल्डवर जोडलेली, आयडलिंगला ठिणगी उशिरा पाडते. तिथे नळ्यांची अदलाबदल झाली तर सगळं उलटं.

---

बिनधास्त_चालक

बरं बाबा. पण माझी गाडी चालतेय.

---

नळीपुराण

डिस्ट्रिब्युटरची डबी मेलेली नाही ना ते आधी बघा, नाहीतर कुठल्याही तोटीला जोडा, फरक पडणार नाही. कॅप काढा. डिस्ट्रिब्युटरची नळी कार्बोरेटरकडून सोडवा, टोक पुसा आणि तोंडाने ओढा. प्लेट टुकदिशी सरकताना दिसायला हवी. ओढून झाल्यावर जीभ टोकावर ठेवा. जीभ चिकटून राहिली तर डायफ्राम शाबूत. सैल पडली आणि प्लेट हळूहळू परत आली तर डायफ्राम फाटलाय, आणि ती डबी स्वतःच एक गळती आहे.

चोकच्या डबीलाही हाच प्रयोग. कोळशाच्या डब्याच्या नळीला मात्र नाही. जीभ महिनाभर पेट्रोल पेट्रोल करेल.

---

जुना_खटारा

चोकच्या डबीबद्दल थोडं. अर्धवटराव, सकाळचं तुमचं नाटक मला आता समजलं. थंड असताना चोकची पत्री पूर्ण बंद असते, सुरू व्हायला ते बरोबर. पण इंजिनाने धरलं की त्या क्षणी ती दोन-चार मिलिमीटर उघडायला हवी, नाहीतर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ते काम ती डबी करते, आणि त्यासाठी तिला सुरू झाल्या झाल्या ओढ हवी, म्हणजे मॅनिफोल्ड. तुम्ही तिला पोर्टेडवर लावलंत, तिथे आयडलिंगला अर्धीच ओढ. डबी अर्धवट उघडते, काळा धूर, गुदमरणं.

खात्री करायची तर सांगा: सकाळी ॲक्सिलरेटर जरासा दाबून धरला तर सुधारते का?

---

अर्धवट_मेकॅनिक

हो!! अगदी हेच. मला वाटायचं इंजिनाला "प्रोत्साहन" लागतं.

---

जुना_खटारा

प्रोत्साहन नव्हे, तुम्ही पत्री उघडून ग ला ओढ देत होतात, आणि ती चोकच्या डबीला पोचत होती :)

---

शंकेखोर

ईजीआरला पोर्टेडच का? घ पण शून्यच दाखवते, मग ती ग पेक्षा वेगळी कशी?

---

सुईवर_नजर

ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत आत घ्यायचा, ज्वलनाचं तापमान उतरवायला. हे आयडलिंगला झालं तर इंजिन बंद पडेल, म्हणून तोटी काठाच्या वर. ॲडव्हान्सहून थोडं उशिरा सुरू व्हावं म्हणून अजून दोन-तीन मिलिमीटर वर. आकडे बघा: २००० ला ग वर १६, घ वर ९. भोक वर, म्हणून ओढ उशिरा.

त्या लाइनमध्ये बहुधा पाण्याच्या जॅकेटवर बसवलेला एक प्लास्टिक-पितळेचा व्हॉल्व्ह असतो, इंजिन थंड असताना ईजीआरची ओढ तोडणारा. अर्धवटराव, तो थंड असताना फुंकून बघा. आरपार गेलं तर बिघडलाय. गरम झाल्यावर मात्र आरपार जायला हवं.

आणि एखाद्या नळीत नाण्याएवढी, दोन रंगांची चकती असेल तर ती फेकू नका, उलटीही लावू नका. ती डिले व्हॉल्व्ह. एका बाजूने फुंकर सहज जाते, दुसऱ्या बाजूने कण्हत. काहींवर कुठली बाजू कार्बोरेटरकडे ते छापलेलं असतं.

---

अर्धवट_मेकॅनिक

रविवार सार्थकी लागला. केलं ते असं:

क ला नवी नळी, दोन्ही टोकांना क्लिप. ख वर चोकची डबी. ग वर डिस्ट्रिब्युटर. आधी जीभ चिकटवून बघितली, चिकटली. घ वर ईजीआर, व्हॉल्व्ह थंड असताना बंद, गरम झाल्यावर उघडा. च वरची टोपी काढली आणि कोळशाच्या डब्याची लोंबणारी नळी तिथे लावली. दोन्हीकडे एकच वास, मग शंका राहिली नाही.

आयडलिंगचा स्क्रू जवळजवळ दोन फेरे मागे घेतला. ग वरची सुई सातवरून उतरत उतरत दीडवर अडकली, मग एका पाव फेऱ्यात शून्य. आवाजात काही बदल ऐकू आला नाही, पण सुईने सांगितलं. मग मिक्स्चर स्क्रू फिरवून सगळ्यात जास्त ओढ येईल तिथे आणला. ख वर आता १९, ८०० आरपीएमला, सुई खिळ्यासारखी.

टायमिंगही बघितलं, डिस्ट्रिब्युटरची नळी काढून आणि तिच्या तोंडात छोटा स्क्रू घालून. तीन अंश मागे होतं, पुस्तकाप्रमाणे केलं. आज सकाळी एका सेल्फमध्ये सुरू, धूर नाही. गरम असताना थांबवून दोनदा सुरू केली, वास नाही.

फक्त छ राहिली. कुठलीच नळी उरली नाही, गेजवर सगळीकडे शून्य. ही व्हेंच्युरीची का? तिला काय जोडायचं?

---

ग्रीसचे_डाग

शाब्बास. टायमिंगच्या वेळी नळीचं तोंड बंद केलंत हे वाचून बरं वाटलं. निम्मे लोक नळी काढतात आणि उघडीच सोडतात. तुमची नळी पोर्टेडवर, तिथे कमी नुकसान. मॅनिफोल्डवरची असती तर त्यातूनच हवा शिरली असती आणि आकडा खोटा आला असता.

छ साठी: एअर फिल्टर उतरवा, इंजिन बंद, टॉर्च घेऊन उजव्या बॅरलमध्ये डोकवा. मग तोटीतून बारीक मऊ तार घाला. पोलादी नको, पितळेची, नाहीतर आतलं भोक रुंद कराल. तार बॅरलमध्ये कुठे बाहेर येते ते बघा. कार्बोरेटर खाली उतरवलेला असेल तेव्हा हाच प्रयोग सगळ्या तोट्यांवर करावा: क्लीनरचा बारीक फवारा तोटीतून मारायचा आणि धार पत्रीच्या वर निघते की खाली ते बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, धार नेमकी बघणाऱ्याच्या तोंडावर येते.

---

अर्धवट_मेकॅनिक

तार दीड सेंटिमीटर गेली आणि थांबली. तीनदा घातली, तिथेच. कचरा असेल म्हणून फवारा मारला तर सगळा माझ्याच अंगावर परत. बॅरलमध्ये त्या जागी भिंत अखंड गुळगुळीत, भोकाची खूणही नाही.

---

नळीपुराण

मग ती तोटीच नाही, तोटीचं सोंग आहे. एकच ओतीव बॉडी कंपनी चार मॉडेलांना वापरते, ज्याला गरज त्याच्या तोटीला आतून भोक पाडते, बाकीच्यांच्या तशाच आंधळ्या सोडते. काही जोडायचं नाही, टोपीही नको. टेप काढून टाका, त्याचा गोंद तापून ओघळतो.

---

अर्धवट_मेकॅनिक

म्हणजे आठवडाभर मी भोक नसलेल्या तोटीची गळती बंद करत होतो. टेप काढला.

पाची नळ्यांवर रंगाचे ठिपके दिलेत आणि तेच ठिपके तोट्यांवर. मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढले. नकाशा हाताने काढून बॉनेटच्या आत चिकटवलाय, जिथे स्टिकर होतं तिथेच. छ समोर लिहिलंय: "आंधळी, सोडून द्या."

---

शंकेखोर

तो नकाशा इथे टाका ना. माझीही गाडी दोन बॅरलचीच आहे, तशाच लावतो.

---

सुईवर_नजर

तशाच लावू नका! तुमच्या गाडीत ग कदाचित मॅनिफोल्ड असेल. गेज आणा, एकेका तोटीचे तीन-तीन आकडे लिहा आणि नवा धागा काढा. आणि त्याआधी एकही नळी काढली असेल तर आत्ताच सांगा.

---

शंकेखोर

...दोन काढल्यात.